चार बरण्या, एक पुस्तिका आणि ‘लाउख’ या शब्दाचे मूळ

जर्मनीतील लाइपझिग शहरातून नदीकाठचे जुने जंगल गेले आहे. एप्रिलमध्ये त्या जंगलातल्या वाटेने सायकलवरून जाताना लसणाचा वास इतका दाट येतो की इथल्या पहिल्या वसंतात मला जवळच कुणाच्या तरी घरी फोडणी पडली आहे असे वाटले होते. तो वास बेअरलाउख या रानवनस्पतीचा असतो. झाडांखाली तिच्या रुंद हिरव्या पानांचा गालिचा लांबवर पसरलेला असतो, आणि पांढरी फुले येऊन गेली की तो पाहता पाहता नाहीसा होतो. याच हंगामात इथल्या आठवडी बाजारात एका छोट्या घरगुती उत्पादकाकडून मी पुठ्ठ्याची एक पेटी विकत घेतली. तिच्यात लाउख, क्नोबलाउख, श्निटलाउख आणि बेअरलाउख अशी लेबले लावलेल्या चार बरण्या होत्या आणि सोबत सोळा पानांची एक पुस्तिका होती. या चारही नावांचे मूळ जुन्या जर्मानिक भाषांमध्ये (म्हणजे जर्मन, इंग्रजी, डच आणि स्कँडिनेव्हियन भाषांच्या कुळात) कुठे सापडते, हे ती पुस्तिका सांगते. पेटीची किंमत २६ युरो आहे. बरण्यांत जे आहे ते याच बाजारात सुटे घेतले तर जवळपास निम्म्या पैशांत मिळते. म्हणजे उरलेले पैसे पुस्तिकेचे आहेत, आणि म्हणूनच या परीक्षणातही जास्त जागा तिलाच दिली आहे.

तरीही आधी चवीविषयी. लाउख म्हणजे इंग्रजीत ज्याला लीक म्हणतात ती जाड, पांढऱ्या दांड्याची, कांद्याच्या पातीची थोरली बहीण शोभेल अशी भाजी. तिचा मंद आचेवर शिजवलेला मुरंबावजा प्रकार या पेटीत आहे. तो गोडसर असून पोळीबरोबरही चालतो. क्नोबलाउख म्हणजे आपला लसूण. त्याची तेलातली चटणी मराठी जिभेला फिकी लागेल, आणि तिखटाची अपेक्षा तर ठेवूच नये. श्निटलाउख ही बारीक नळीसारखी पात दह्यासारख्या चीजवर चिरून घालण्यासाठी असते. ती मिठात मुरवून बरणीत भरण्याचे कारण मला कळले नाही. बेअरलाउखची हिरवी चटणी मात्र उत्कृष्ट आहे. तिला लसणाचा सुगंध आहे पण लसणाचा जाळ नाही, आणि गरम भातावर तूप व ही चटणी घेऊन मी तीन दिवसांत बरणी संपवली.

आता पुस्तिका. तिचे पहिले प्रकरण चौघांतही समान असलेल्या ‘लाउख’ या शब्दावर आहे आणि ते फार चांगले उतरले आहे. हा शब्द जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘लोउख’, जुन्या इंग्रजीत ‘लेआक’ आणि जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या मध्ययुगीन भाषेत, ‘लौक्र’ असा आढळतो. या सगळ्यांच्या मागे भाषाशास्त्रज्ञ ‘लौकाझ’ असे पुनर्रचित, म्हणजे नंतरच्या रूपांवरून ताडलेले, रूप मानतात. आजची रूपे शेजारी शेजारी ठेवली की एक गंमत लक्षात येते. जर्मन ‘लाउख’ आणि इंग्रजी ‘लीक’ ही एकाच भाजीची नावे आहेत, पण स्वीडिश ‘लोक’ म्हणजे कांदा, आणि डॅनिश ‘लोय’ म्हणजे कांदा तर खराच, शिवाय ट्युलिपचा जमिनीत पुरायचा कंदही. पुस्तिकेने यावरून काढलेला निष्कर्ष मला पटतो. मूळ शब्द कोणत्याही एका भाजीचे नाव नव्हता. जमिनीत कंद आणि वर सरळ हिरवी पात असलेल्या उग्र वासाच्या सगळ्याच वनस्पतींना तो लागू होता. भाज्यांचे प्रकार वाढले तसे प्रत्येकासाठी पुढे एखादा शब्द जोडावा लागला, आणि आपल्यासमोरच्या चार बरण्यांपैकी तीन त्या जोडकामाची फळे आहेत. आपण ‘पात’ हा एक शब्द धरून कांद्याची पात, लसणाची पात म्हणतो, तशातलाच हा प्रकार आहे.

या शब्दाचा आवाका केवढा होता हे जुन्या इंग्रजीत अधिक स्पष्ट दिसते. तिथे ‘लेआक-तून’ म्हणजे लाउखची नव्हे, तर एकूणच भाजीपाल्याची बाग, आणि ‘लेआक-वेआर्ड’ म्हणजे त्या बागेचा राखणदार, अर्थात माळी. इंग्लंडमधील लेटन बझर्ड या गावाच्या नावात तीच ‘लेआक-तून’ झिजून उरली आहे. शब्दाने जर्मानिक प्रदेशाच्या सीमाही ओलांडल्या. फिनिश भाषेत ‘लौक्का’ आणि स्लाव भाषांत ‘लुक’ ही रूपे जर्मानिक शेजाऱ्यांकडून गेली, आणि आजही रशियन माणूस कांद्याला ‘लुक’ म्हणतो. मात्र ‘लौकाझ’च्याही मागे काय होते, या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर नाही. ‘वाकणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी काहीजण त्याचा संबंध जोडतात. पुस्तिकेने हे एका वाक्यात सांगून विषय सोडला आहे, आणि तेवढ्यावर थांबण्याचा तिचा संयम मला आवडला. पुढच्या प्रकरणांत तो टिकत नाही.

याच प्रकरणात रूनिक लेखांवर, म्हणजे रून या जुन्या जर्मानिक लिपीतल्या लेखांवर, दोन पाने आहेत आणि ती संपूर्ण पुस्तिकेतली सर्वांत श्रीमंत पाने आहेत. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत स्कँडिनेव्हियात रोमन पदकांच्या नकलेवर सोन्याच्या पातळ, एकाच बाजूने ठसा उमटवलेल्या चकत्या बनत आणि त्या गळ्यात घालण्यात येत. त्यांच्यावर रून लिपीत जे मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यांत ‘अलू’ आणि ‘लथू’ यांच्याबरोबर ‘लौकाझ’ हाही आहे. डेन्मार्कमधील स्क्रूड्स्ट्रुप येथे सापडलेल्या चकतीवर तो स्वच्छ वाचता येतो. त्याहून जुने उदाहरण नॉर्वेतील फ्लॉक्सांद येथले आहे. तिथे सापडलेल्या, मांस खरवडण्याच्या हाडाच्या हत्यारावर सुमारे चौथ्या शतकातील लेख आहे, आणि त्यात ‘लीना लौकाझ’, म्हणजे लिनन आणि लाउख, असे शब्द आहेत. भाजीचे नाव सोन्यावर कोरून गळ्यात घालायचे, याला काहीतरी कारण असणार. वाढ, जोम आणि रक्षण यांच्याशी या शब्दाचा संबंध असावा, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडे दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागू नये.

लिनन आणि लाउख ही जोडी पुढे सुमारे हजार वर्षांनी पुन्हा भेटते, पण ती हकीकत पुस्तिकेने गाळली आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस आइसलँडमध्ये लिहिलेल्या फ्लातेयार्बोक या हस्तलिखितात एका शेतकरी कुटुंबाची कथा आहे. त्या घरातली मालकीण मेलेल्या घोड्याचे लिंग लिननमध्ये गुंडाळून, लाउखसह जपून ठेवते. संध्याकाळी ते हातोहात फिरते आणि घरातला प्रत्येक जण त्याला उद्देशून एक कडवे म्हणतो. शेवटी वेष पालटून आलेला ख्रिस्ती राजा ओलाफ ते कुत्र्यापुढे फेकतो. खाद्यपदार्थांच्या पेटीत ही कथा नको वाटली असेल तर ते मी समजू शकतो. तरीही फ्लॉक्सांदच्या त्या दोन शब्दांवर याहून चांगले भाष्य दुसरे नाही, आणि निदान एका ओळीत तिचा उल्लेख हवा होता.

काव्यातील उल्लेख मात्र व्यवस्थित दिले आहेत. जुन्या नॉर्स काव्यांचे जे मुख्य हस्तलिखित सुमारे १२७० मध्ये तयार झाले, त्यात विश्वोत्पत्तीच्या प्रसंगी समुद्रातून वर आलेली जमीन हिरव्या लाउखने झाकली जाते. दुसऱ्या एका काव्यात पेयातील विषबाधा टळावी म्हणून त्यात लाउख टाकण्याचा सल्ला येतो. आणि पती सिगुर्दच्या मृत्यूनंतर विलाप करणारी गुद्रून म्हणते की इतर पुरुषांमध्ये तो असा उठून दिसे, जसा गवतातून वर आलेला लसूण. मराठी वाचकाला येथे हसू येईल, कारण आपल्याकडे कुणी नवऱ्याला लसणाची उपमा दिली तर ते कौतुक ठरणार नाही. त्या काव्याच्या श्रोत्यांना मात्र लाउखच्या सरळ, ताठ, इतर तृणांच्या वर डोके काढणाऱ्या दांड्यात पुरुषाचे रूप दिसत होते, आणि सोन्याच्या चकत्यांवरचा शब्द आठवला की ती उपमा विनोदी वाटेनाशी होते.

गुद्रूनच्या तोंडी तिथे नुसता ‘लौक्र’ नाही, ‘गेइरलौक्र’ आहे, आणि ‘गेइर’ म्हणजे भाला. जुन्या इंग्रजीतला ‘गार-लेआक’ तोच शब्द आहे, आणि आजचा ‘गार्लिक’ त्याच्यातून आला. लसणाची पाकळी सोलून उभी धरली तर तिचा आकार भाल्याच्या पात्यासारखा दिसतो, म्हणून भाल्याचा लाउख. एडगार या नावातही तोच भाला आहे आणि गर्ट्रूड या नावातही. ‘गार्लिक’ म्हणताना आपण ‘लीक’ हा शब्दही उच्चारत असतो, ही गोष्ट इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही.

आता दोषाकडे येतो. क्नोबलाउखचे प्रकरण चुकले आहे आणि ते टाळता येण्यासारखे होते. पुस्तिका म्हणते की ‘क्नोब’ म्हणजे गाठ किंवा गोळा, आणि लसणाचा गड्डा गाठीसारखा असतो म्हणून हे नाव पडले. ऐकायला हे सोयीचे आहे, पण जुन्या उच्च जर्मनमधील रूप ‘क्लोबोलोउख’ असे आहे, त्यात ‘न’ नाहीच. ‘क्लोबो’ हा शब्द चिरणे, फाडणे, दुभंगणे या अर्थाच्या क्रियापदाशी निगडित आहे. म्हणजे हा चिरलेला, पाकळ्यांत विभागलेला लाउख. डच भाषेतले ‘क्नोफ्लोक’ हेही पूर्वी ‘क’पुढे ‘ल’ असलेलेच रूप होते. इंग्रजीत लसणाच्या पाकळीला ‘क्लोव्ह’ म्हणतात, तो याच कुळातला शब्द आहे. लवंगेला म्हणतात तो ‘क्लोव्ह’ वेगळा, लॅटिनमधील खिळ्याच्या नावावरून फ्रेंचमार्गे आलेला. जर्मनमध्ये जे अक्षर बदलले ते इंग्रजांच्या स्वयंपाकघरात शाबूत राहिले आहे.

मग ‘ल’चा ‘न’ कसा झाला? एकाच शब्दात दोन ‘ल’ जवळजवळ आले की जीभ त्यांतला एक बदलते; यालाच विषमीकरण म्हणतात. मराठी वाचकाला याचे उदाहरण बाहेर शोधावे लागत नाही. संस्कृतातील ‘लाङ्गल’ आपल्याकडे ‘नांगर’ झाला आणि ‘ललाट’ प्राकृतातून येताना ‘निढळ’ झाले, म्हणून आपण निढळाच्या घामाची भाकरी खातो. दोन्ही ठिकाणी शब्दाच्या सुरुवातीच्या ‘ल’चा ‘न’ झाला, आणि क्लोबोलोउखच्या बाबतीतही दोन ‘ल’पैकी पहिलाच बदलला. पुढे गाठ या अर्थाच्या शब्दांनी नव्या रूपाला आधार दिला असेल, पण तो नंतरचा भाग आहे. पुस्तिकेने परिणामाला कारण मानले. ज्या लाइपझिगमध्ये ग्रिम बंधूंच्या जर्मन शब्दकोशाचा पहिला खंड १८५४ मध्ये प्रकाशित झाला आणि जिथल्या विद्यापीठात लेस्कीन व ब्रुगमान या भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनिनियमांना अपवाद नसतात असा आग्रह धरला, त्याच शहरात विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेत ही चूक पाहून थोडे वाईट वाटले.

श्निटलाउखवर फार लिहिण्यासारखे नाही. ‘श्निट’ म्हणजे काप. कापत राहावे तसतशी पुन्हा फुटणारी ती पात. जुन्या उच्च जर्मनमध्येही ‘स्नितिलोउख’ असेच आहे. डच लोक तिला ‘बीसलोक’, म्हणजे लव्हाळ्यासारखी पात म्हणतात, आणि तिच्या शास्त्रीय नावातील ग्रीक शब्दही लव्हाळ्याचाच आहे. या प्रकरणाला जोडलेली चौकट मात्र मूळ मजकुराहून अधिक वाचनीय आहे. फ्रँक राजा शार्लमेनच्या काळात, इ.स. ८०० च्या सुमारास, राजाच्या जमिनींवर कोणती झाडे लावावीत याची लॅटिनमध्ये यादी झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांनी सांक्ट गालेनच्या मठाचा नकाशा काढण्यात आला, आणि त्यात भाजीचे अठरा वाफे नावांसह दाखवले आहेत. मठांच्या बागांमधून लॅटिन नावे लोकांच्या तोंडी आली आणि जुन्या ‘लाउख’ला येऊन चिकटली. लॅटिन ‘पोर्रुम’ म्हणजे लाउखच, तरी जुन्या इंग्रजीत ‘पोर-लेआक’ असा शब्द झाला. पोर्तुगीजांच्या पावाला रोटी जोडून आपण पावरोटी म्हणतो, तसाच हा प्रकार. उत्तर जर्मनीत आजही या भाजीला ‘पोरे’ म्हणतात आणि दक्षिणेत ‘लाउख’.

त्याच चौकटीत ‘आस्कलोउख’ आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील अश्केलोन या शहराच्या नावावरून लॅटिनमध्ये एका लहान कांद्याला ‘अस्कालोनिया’ म्हणत. जर्मन कानाला त्या शब्दाच्या शेपटीत लाउख ऐकू आला आणि त्यांनी शब्दच तसा वळवून घेतला. अनोळखी शब्दात ओळखीचे तुकडे शोधण्याच्या या खटाटोपाला लोकव्युत्पत्ती म्हणतात. आपल्या वैद्यक परंपरेतही लसणाला ‘रसोन’ म्हटले आहे आणि सहा रसांपैकी आम्ल हा एक रस उणा म्हणून रसोन, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ‘लशुन’ हा शब्द शेजारी असताना या स्पष्टीकरणावर किती भरवसा ठेवावा हे ज्याचे त्याने ठरवावे, पण बुद्धीचा खेळ तोच आहे.

शेवटचे प्रकरण बेअरलाउखचे, आणि ग्राहक पेटी घेतात ते याच बरणीसाठी. ‘बेअर’ म्हणजे अस्वल. हिवाळी झोपेतून उठलेली अस्वले सर्वांत आधी ही पाने खाऊन ताजीतवानी होतात, असे पुस्तिका ठामपणे सांगते, मुखपृष्ठावरही अस्वलाचे चित्र आहे. ही समजूत जुनी आहे आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये नोंदवलेल्या ‘आलियुम उर्सिनुम’ या नावातही अस्वल आहे. परंतु नावाचा खुलासा म्हणून ती पुरेशी नाही, हे डच भाषेकडे पाहिले की कळते, कारण डच लोक याच वनस्पतीला ‘दासलोक’ म्हणतात आणि ‘दास’ म्हणजे बिज्जू. प्रत्येक देशात वेगळा प्राणी तीच पाने खायला धावत होता असे मानण्यापेक्षा, जनावराचे नाव लावून ‘बागेतला नव्हे, रानातला’ एवढेच सांगायचे होते, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. आपल्याकडे डुक्करकंद किंवा माकडलिंबू म्हणताना कोण काय खाते याची चौकशी कुणी करत नाही.

खरी खंत पुढे आहे. या वनस्पतीला लाउखपेक्षा वेगळे आणि बहुधा त्याहूनही जुने असे स्वतंत्र जर्मानिक नाव होते, आणि मुखपृष्ठावरच्या अस्वलापुढे त्याला केवळ तळटीप मिळाली आहे. जुन्या इंग्रजीत हिला ‘ह्राम्सा’ म्हणत. ग्रीकमधील कांद्याचे नाव ‘क्रोम्युऑन’, लिथुआनियन ‘केर्मुशे’, आयरिश ‘क्रेव्ह’ आणि रशियन ‘चेरेम्शा’ ही सगळी त्याची भावंडे आहेत. जर्मानिक शाखेत मूळच्या ‘क’चा ‘ह’ झाला. लॅटिन ‘कॉर्नू’ आणि इंग्रजी ‘हॉर्न’ यांच्यात दिसतो तोच हा बदल, आणि याकोब ग्रिमने १८२२ मध्ये तो नियमात बसवला. पुढे सुरुवातीचा ‘ह’ही गळला. ‘ह्राम्सा’चे अनेकवचन ‘ह्राम्सान’ होते. ते अनेकवचन आहे हे लोक विसरले, त्याला पुन्हा ‘स’ लावला आणि आजचा इंग्रजी शब्द ‘रॅम्सन्स’ तयार झाला, म्हणजे अनेकवचनाचेही अनेकवचन. इंग्लंडमधील रॅम्झी या गावाचे नाव ‘ह्राम्सा’चे बेट असे आहे. स्वीडिशमध्ये ‘राम्सलोक’ म्हणतात. तिथे दोन्ही जुनी नावे एकाच शब्दात नांदतात. ग्रीसपासून आयर्लंडपर्यंत पसरलेल्या नावाची ही गोष्ट मुखपृष्ठावर यायला हवी होती.

पुस्तिकेच्या मांडणीविषयीही थोडे सांगायला हवे. मजकूर केवळ जर्मनमध्ये आहे आणि अक्षरे बारीक आहेत. पुनर्रचित रूपांपुढे तारा छापला आहे, पण त्याचा अर्थ कुठेही सांगितलेला नाही, त्यामुळे ‘लौकाझ’ हे रूप कुठल्यातरी ग्रंथात जसेच्या तसे लिहिलेले आहे असा समज सामान्य वाचकाचा होईल. आणि सोन्याच्या चकत्यांवर ते खरोखरच लिहिलेले असल्याने गोंधळ आणखी वाढतो. जुन्या शब्दांचे उच्चार दिलेले नाहीत. चित्रे मात्र हाताने काढलेली आणि नेमकी आहेत. विशेषतः बेअरलाउखच्या पानाशेजारी लिली ऑफ द व्हॅलीचे विषारी पान काढून दाखवलेला फरक रानातून पाने तोडणाऱ्यांनी पाहून ठेवावा असा आहे.

पाचपैकी गुण द्यायचे तर बेअरलाउखच्या बरणीला मी साडेचार देईन, लाउखच्या बरणीला साडेतीन आणि उरलेल्या दोघींना मिळून दोन. पुस्तिकेला पहिल्या प्रकरणासाठी पाच आणि क्नोबलाउखच्या प्रकरणासाठी एक. विक्रेतीला मी ‘क्लोबोलोउख’ची गोष्ट सांगितली तेव्हा तिने ती बिलाच्या मागे लिहून घेतली, पुढच्या छपाईत दुरुस्ती झाली आहे का, ते घेण्यापूर्वी सहावे पान उघडून पाहावे. पेटी मेच्या मध्यापर्यंतच मिळते, आणि पुस्तिका सुटी विकत नाहीत.